कार्यशाळेकडून पदवीकडे : कॅथोलिक संस्थांतील अभियांत्रिकी शिक्षण आणि बीड जिल्ह्यातील विद्यार्थी

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनांच्या शैक्षणिक कार्याविषयी मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन प्राथमिक शाळा, स्त्रीशिक्षण, मुद्रणकला आणि भाषाभ्यास यांभोवती फिरते. फादर स्टीफन्स आणि त्यांचे १६१६ साली प्रसिद्ध झालेले ‘क्रिस्तपुराण’ आपल्या मराठी विभागांना परिचित आहे. परंतु त्याच कॅथोलिक परंपरेतून निघालेली करवत, ऐरण आणि लेथ यांची शाळा इतिहास विभागांच्याही दृष्टीआड राहिली. तांत्रिक शिक्षणाचा इतिहास आपण सरकारी महाविद्यालयांपासून सुरू करतो आणि १९८३ नंतरच्या विनाअनुदानित महाविद्यालयांपाशी आणून सोडतो. या दोहोंच्या मधली एक वाट प्रस्तुत लेखात तपासावयाची आहे. कॅथोलिक संस्थेत अभियांत्रिकी शिकणे म्हणजे आपल्या प्रदेशात नेमके काय होते, आणि बीडसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला ते कितपत साध्य होते, हा या लेखाचा विषय आहे.

‘कॅथोलिक विद्यापीठ’ या संज्ञेचा अर्थ

युरोप-अमेरिकेत ‘कॅथोलिक विद्यापीठातील अभियंता’ ही संकल्पना जुनी आहे. बेल्जियममधील लूव्हेनच्या कॅथोलिक विद्यापीठात १८६५ साली स्थापत्य, खाणकाम व कारखानदारी यांची विशेष विद्यालये सुरू झाली. अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठाने १८७३ साली अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम आरंभिला. फ्रान्समधील लील येथे १८८५ आणि १८९८ साली अशाच दोन संस्था निघाल्या. टोकियोच्या जेझुइट सोफिया विद्यापीठाने १९६२ साली विज्ञान व अभियांत्रिकी शाखा उघडली. तेथे पदवी देणारी संस्थाच कॅथोलिक होती.

भारतात तसे नव्हते. १८५७ साली स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी आणि महाविद्यालयांना संलग्नता देणारी मंडळे होती. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय जर्मन जेझुइटांनी १८६९ साली सुरू केले, तेव्हा त्यांना मुंबई विद्यापीठाशी संलग्न व्हावे लागले. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, पदवीही विद्यापीठाचीच. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या बाविसाव्या कलमाने ही स्थिती अधिक पक्की केली. संसदेच्या वा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, अथवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. त्यामुळे देशात शेकडो कॅथोलिक महाविद्यालये असूनही अभियांत्रिकी शिकविणारे कॅथोलिक विद्यापीठ पाहावयास २००८ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी गुवाहाटीला आसाम डॉन बॉस्को विद्यापीठ स्थापन झाले आणि बंगळूरच्या ख्राइस्ट महाविद्यालयाला अभिमत दर्जा मिळाला. ख्राइस्टमध्ये अभियांत्रिकी शाखा २००९ साली सुरू झाली. बीडच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही दोन्ही ठिकाणे दूरचीच.

याचा अर्थ असा की, महाराष्ट्रात जो विद्यार्थी कॅथोलिक संस्थेत अभियांत्रिकी शिकला त्याच्या पदवीपत्रावर त्या संस्थेच्या धर्मपरंपरेची कोणतीही खूण नाही. ती खूण शोधावयाची तर पदवीच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे कार्यशाळेत शोधावी लागते.

कार्यशाळेची परंपरा

इटलीतील तुरीन शहरात डॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांनी रस्त्यावरच्या, निराधार मुलांसाठी १८५३ साली चांभारकाम व शिवणकामाची कार्यशाळा उघडली. पुढील दशकभरात पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम यांची भर पडली. कारखानदारीच्या शहरात आलेल्या खेडवळ मुलाला हातात कसब नसेल तर तो लुबाडला जातो, हे त्यांचे निदान होते. त्यांच्या सलेशियन संघाचे धर्मगुरू १९०६ साली तंजावरला आणि १९२८ साली मुंबईस आले. कुर्ल्याच्या डॉन बॉस्को संकुलात फिटर, टर्नर, मेकॅनिक घडविण्याचे काम आधी रुजले; तेथे पदवीचे महाविद्यालय २००१ साली निघाले.

गोव्याच्या पिलार संघाची कथाही अशीच आहे. १८८७ साली स्थापन झालेला हा संघ १९३९ मध्ये पुन्हा उभा करण्यात आला. त्याच संघाचे फादर आग्नेल डिसोझा (१८६९–१९२७) यांच्या नावाने १९५७ साली वांद्र्यास आश्रम सुरू झाला. फादर कोन्सेसाव रॉड्रिग्स यांच्या पुढाकाराने अनाथ मुलांचा सांभाळ आणि तंत्रशिक्षण यांची तेथे सांगड घालण्यात आली. आश्रमाच्याच आवारात १९८४ साली फादर कोन्सेसाव रॉड्रिग्स अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले; त्यानंतर १९९४ मध्ये वाशी आणि १९९७ मध्ये गोव्यातील वेर्णा. बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९९९ चे. जेझुइटांचे अभियांत्रिकी पदवी महाविद्यालय तर माहीमला २००५ साली, म्हणजे त्यांच्या कला-विज्ञान महाविद्यालयानंतर तब्बल १३६ वर्षांनी निघाले.

हा विलंब विचार करण्याजोगा आहे. वासाहतिक काळात अभियांत्रिकी शिक्षण हे सार्वजनिक बांधकाम खात्याला माणसे पुरविण्यासाठी सरकारनेच उभारले होते. रुडकी १८४७ आणि पुणे १८५४ ही त्याची उदाहरणे. यंत्रसामग्रीचा खर्च मोठा, नोकऱ्या देणारे गिऱ्हाईक एकच, आणि तेही सरकार. खाजगी धर्मसंस्थेला त्यात शिरण्यास फारसे कारण नव्हते. उलट शहराच्या गिरण्यांना, रेल्वेच्या वर्कशॉपना आणि मोटार गॅरेजना कुशल कारागीर हवे होते. म्हणून कॅथोलिक संघांनी वरचा मजला सरकारकडे सोडला आणि तळमजला स्वतःकडे घेतला. माझ्या मते ही त्यांची दूरदृष्टीही होती आणि मर्यादाही.

बलुतेदारी आणि मिशनची करवत

तळमजल्यावरच्या या शिक्षणाचे खेड्यातील मोल शहरापेक्षा वेगळे होते, आणि ते समजण्यासाठी बीडच्या सीमेला लागून असलेल्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) आणि औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्यांकडे पाहावे लागते.

अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन हे प्रॉटेस्टंट मिशन १८३१ पासून काम करीत होते. जेझुइटांचे काम तेथे १८७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. मराठवाड्यात सेंट फ्रान्सिस द सेल्स संघाचे धर्मगुरू नागपूरच्या बाजूने आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात घोगरगाव हे त्यांचे केंद्र बनले. दोन्हीकडे धर्मांतर करणारे कुटुंब बहुधा महार वा मांग समाजातील होते. गावगाड्यात लाकूड सुताराचे, लोखंड लोहाराचे आणि चामडे चांभाराचे, अशी वाटणी होती. महारकी करणाऱ्या घरातील मुलाने रंधा वा पटाशी हाती धरणे ही केवळ रोजगाराची गोष्ट नव्हती. ते बलुतेदारीच्या चौकटीबाहेर पडलेले पाऊल होते. मिशनच्या कार्यशाळेत हे पाऊल शाळेच्या वेळापत्रकातच घातलेले होते. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने या कार्यशाळांकडे ‘धंदेशिक्षण’ या किरकोळ सदराखाली पाहू नये, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

येथे प्रॉटेस्टंट मिशनचे एक उदाहरण तुलनेसाठी घेणे इष्ट ठरेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पदवीधर डी. सी. चर्चिल हे अमेरिकन मराठी मिशनचे अभियंता म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी अहमदनगरला होते आणि विणकरांसाठी सुधारित हातमाग तयार करण्याचे काम त्यांनी तेथे केले. अमेरिकेत परतल्यावर १९२२ साली त्यांनी केंटकी राज्यात पत्नीसह ‘चर्चिल वीव्हर्स’ ही हातमागाची संस्था काढली. बीडच्या हद्दीपासून काही मैलांवर एक उच्चशिक्षित अभियंता हातमागावर प्रयोग करीत होता, तरीही त्याच्या हाताखालून अभियंते नव्हे तर कारागीर तयार झाले. पदवी आणि कसब यांच्यातील ही दरी कोणत्याही एका पंथाची नव्हती.

अहमदनगरच्या जेझुइटांचे पुढील काम या संदर्भात विसरता येत नाही. स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर (१९२४–२०२१) यांनी अवर्षणप्रवण गावांत पाणलोट विकासाचे काम उभे केले. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची आखणी त्यांच्या प्रयत्नांतून झाली, नाबार्डचा त्यात सहभाग होता, आणि १९९३ साली ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था त्यांच्या व फादर क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. डोंगरमाथ्यापासून पायथ्याकडे येत समतल चर खोदणे, बांधबंदिस्ती करणे, ओघळ अडविणे आणि मग शेवटी नाल्यावर बंधारा घालणे, हा त्यातील क्रम. हे स्थापत्यशास्त्रच आहे; मात्र ते शिकणाऱ्याला पदवी मिळत नाही. गावकऱ्यांनी श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, ही त्याची प्रवेशपरीक्षा. आष्टी-पाटोद्याच्या माळावरचा शेतकरी हे शास्त्र चटकन ओळखील.

मराठवाड्याची वेगळी वाट

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यातील घडामोडींचा त्याच्यावरील परिणाम हद्दीपाशीच अडखळत असे. अभियंता होऊ पाहणाऱ्या बीडच्या मुलाची वाट पुण्या-मुंबईला नव्हे तर हैदराबादला जाई. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले होते आणि १९२९ साली सुरू झालेल्या त्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वातावरणही तेच. भारतीय भाषेतून उच्च तांत्रिक शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि घरी मराठी बोलणाऱ्या मोमिनाबादच्या (म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या) मुलाला ती भाषाही शिकूनच घ्यावी लागे. स्वामी रामानंद तीर्थांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात जे काम केले त्यामागे मातृभाषेतील शिक्षणाचा हाच प्रश्न होता.

हैदराबाद मुक्तीनंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि १९६० साली औरंगाबादचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. परळीला १९७० च्या दशकाच्या आरंभी औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. माजलगाव आणि मांजरा ही धरणे पुढे झाली. म्हणजे जिल्ह्यात अभियंत्यांची गरज निर्माण झाली, पण अभियंते बाहेरून आले. जिल्ह्यातून बाहेर गेली ती ऊसतोड कामगारांची कुटुंबे.

याच काळात कॅथोलिक चर्चची रचनाही मराठवाड्यात उशिरा आकारास आली. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत अमरावतीपासून वेगळा काढून १९७७ साली स्थापन करण्यात आला. वांद्र्याच्या किंवा गोव्याच्या चर्चजवळ शतकांची जमीन, देणगीदार आणि इंग्रजी शाळा होत्या. मराठवाड्यातील चर्चजवळ खेड्यातील मराठी शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे होती. अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी लागणारे भांडवल येथे कोठून यावे? बीड जिल्ह्याच्या २०११ च्या जनगणनेतील २५ लाख ८५ हजार लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, ही बाबही ध्यानात घ्यावी.

१९८३ नंतर

वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि तंत्रशिक्षणाचा नकाशा बदलला. वांद्र्याचे महाविद्यालय याच लाटेतील. बीड जिल्ह्यातही याच धोरणातून अंबाजोगाईस अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. सहकार व राजकारणातील नेतृत्वाने काढलेली महाविद्यालये आणि धर्मसंघांनी काढलेली महाविद्यालये यांची कायदेशीर जात एकच होती: विनाअनुदानित, संलग्न, शुल्कावर चालणारी. फरक पूर्वेतिहासाचा होता. एकाकडे कार्यशाळेची शिस्त आधीपासून होती, दुसऱ्याकडे इमारत आधी आली.

मात्र पदवीच्या पायरीवर चढताना कॅथोलिक संस्थांचा विद्यार्थीही बदलला. अनाथ आणि निराधार मुलासाठी उघडलेल्या आवारात आता बारावीला भरघोस गुण मिळविणारा, शुल्क भरू शकणारा महानगरी विद्यार्थी आला. कार्यशाळा आणि औद्योगिक प्रशिक्षणाचे वर्ग त्याच आवारात चालू राहिले हे खरे. पण संस्थेचे नाव ज्यामुळे होऊ लागले ती पदवी होती, कारागिराचे प्रमाणपत्र नव्हे.

प्रवेशाचे गणित

बीडचा विद्यार्थी या महाविद्यालयांत कसा पोहोचणार, हे पुढील दोन दशके न्यायालयांनी आणि प्रवेश नियमांनी ठरविले. संविधानाच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९९१ च्या सेंट स्टीफन्स निकालात स्वसमाजासाठी ५० टक्क्यांची मर्यादा आली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्याने आणि १२ ऑगस्ट २००५ रोजी इनामदार खटल्याने विनाअनुदानित संस्थांवर राज्याला आरक्षण लादता येणार नाही असे ठरविले. इनामदार खटला महाराष्ट्रातून गेलेला होता, हे आपल्याकडे अनेकदा विसरले जाते. त्यानंतर त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने खाजगी संस्थांत आरक्षणाची वाट पुन्हा मोकळी केली, परंतु अल्पसंख्याक संस्था तिच्यातून वगळल्या.

बीडच्या दृष्टीने याचा परिणाम काय झाला? जिल्ह्यातील वंजारी विद्यार्थी भटक्या जमाती (ड) प्रवर्गात येतो. बंजारा, दलित आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांची संख्याही येथे मोठी. या सर्वांसाठी मुंबईच्या कॅथोलिक अभियांत्रिकी महाविद्यालयात राखीव जागा नाही. त्यात विद्यापीठ क्षेत्राचा नियम होता: राज्यस्तरीय प्रवेशांत सत्तर टक्के जागा त्याच विद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना. अल्पसंख्याक संस्थेत स्थूलमानाने शंभरातील निम्म्या जागा अल्पसंख्याकांसाठी आणि वीस संस्थास्तरावर गेल्या, तर उरलेल्या तिसांपैकी नऊ जागा मुंबई विद्यापीठ क्षेत्राबाहेरच्या साऱ्या महाराष्ट्रासाठी राहतात. त्या नऊमध्ये नागपूर, पुणे, कोल्हापूर, जळगाव आणि आपण.

दुसऱ्या बाजूला बीडचा ख्रिस्ती विद्यार्थी पाहावा. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणून ज्याचे आजोबा मांगवाड्यातून चर्चमध्ये गेले त्याला अनुसूचित जातीची सवलत नाही. महाराष्ट्रात त्याची गणना इतर मागासवर्गात होते. त्याच्यासाठी अल्पसंख्याक कोटा हा खरा दरवाजा असावयास हवा होता. पण त्या दरवाजालाही उंबरा होता. काही संस्थांचा अल्पसंख्याक दर्जा ‘ख्रिस्ती’ असा, तर काहींचा ‘रोमन कॅथोलिक’ असा आहे. ज्याचे कुटुंब अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील, तो दुसऱ्या प्रकारच्या संस्थेत अल्पसंख्याक ठरत नाही. आणि जो कॅथोलिक आहे त्याची स्पर्धा वसई, वांद्रे आणि मंगळूर परंपरेच्या इंग्रजी शिकलेल्या मुलांशी. कोटा एकच, त्याच्या आतली जात, भाषा आणि भूगोल वेगवेगळे. अल्पसंख्याक हक्काचा विचार करताना ‘समाज’ हा एकजिनसी आहे असे गृहीत धरण्याची आपली सवय येथे उघडी पडते.

वसतिगृहाचा खर्च हा याच गणिताचा भाग आहे. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. तोपर्यंत मुंबईचा प्रवास म्हणजे रात्रीची एस. टी. किंवा परळी-औरंगाबादहून गाडी. २०१० नंतर राज्यभर अभियांत्रिकीच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा जिल्ह्यातील पालकाने जवळचे महाविद्यालय निवडणे स्वाभाविकच होते. त्या महाविद्यालयांची संलग्नताही २०१७ पासून मोठ्या प्रमाणावर लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली. हैदराबाद, औरंगाबाद आणि आता रायगड जिल्ह्यातील लोणेरे: एका जिल्ह्याच्या अभियंत्यांच्या पदव्या गेल्या शंभर वर्षांत अशा फिरत राहिल्या आहेत.

साधनांविषयी

या विषयाचा पुढील अभ्यास पदवीधरांच्या याद्यांवर विसंबून करता येणार नाही. त्यांत धर्म, जात वा मूळ गाव आढळत नाही. अहमदनगर व मराठवाड्यातील मिशन शाळांची जनरल रजिस्टरे, वसतिगृहांचे हजेरीपट, औद्योगिक प्रशिक्षण वर्गांच्या प्रवेशवह्या आणि चर्चमधील बाप्तिस्मा नोंदवह्या यांचा एकत्र ताळा घातला पाहिजे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील ‘पुढे कोठे’ हा रकाना अनेकदा कोरा असतो, तरी वसतिगृहाच्या पत्रव्यवहारात त्याचे उत्तर सापडण्याची शक्यता असते. त्यातही निजामी राजवटीतील कागद उर्दूत, फ्रेंच धर्मगुरूंचे अहवाल फ्रेंचमध्ये आणि जर्मन जेझुइटांचे जर्मनमध्ये आहेत. बीड, अंबाजोगाई आणि गेवराई येथील इतिहास विभागांत उर्दू वाचणारे सहकारी आजही आहेत. पहिली वही त्यांनी उघडावी.